परीक्षानळीपाशी यंत्रबुद्धी

डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘कोसायंटिस्ट’ची हकीकत छापली. जीपीटी-४ या भाषा-प्रारूपावर चालणाऱ्या या प्रणालीने सुझुकी ही रासायनिक अभिक्रिया आखली, यंत्रांना आज्ञा दिल्या. तापवण्याच्या उपकरणाची आज्ञा चुकली, तेव्हा माहितीपुस्तिका वाचून प्रणालीने ती स्वतःच दुरुस्त केली. नमुन्यांच्या प्लेट्स मात्र इकडून तिकडे माणसांनीच नेल्या, आणि मला तरी हाच तपशील जास्त बोलका वाटतो. माती तपासणीचेच पाहा: वाशीमच्या सोयाबीन पट्ट्यात मृदा आरोग्य पत्रिकेसाठी सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद असे बारा घटक तपासायचे असतात. एकाच साच्यातले हे काम यंत्राला साजेसे आहे. मग माणसे रिकामी बसतील का? बांधालगतची किंवा शेणखताच्या ढिगाखालची माती पिशवीत आली, तर प्रयोगशाळा कितीही हुशार असो, खताची शिफारस चुकणारच. नमुना कुठून घ्यायचा हे शेतात उभ्या माणसालाच ठरवावे लागते.