कचऱ्यातील सोने आणि त्याचे धनी



कोलारच्या सोन्याच्या खाणी 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाल्या. अखेरीस टनभर खडकातून निघणाऱ्या जेमतेम काही ग्रॅम सोन्यात खर्च भागेना. टनभर जुन्या मोबाइल संचांत मात्र शेकडो ग्रॅम सोने असते. टोकिओ ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने जुन्या उपकरणांतून सुमारे 32 किलो सोने मिळवले.

आपल्याकडे ही नवी खाण दिल्लीच्या सीलमपुरात आणि मुरादाबादच्या गल्ल्यांत आहे. तेथे सर्किट बोर्ड शेगडीवर तापवतात. कथलाचे डाग वितळले की सुटे भाग उपटून काढतात. सोन्याचा मुलामा असलेल्या पट्ट्या नायट्रिक आम्लात टाकल्या की तांबे विरघळते, सोन्याचा पापुद्रा तेवढा उरतो. त्या वेळी उठणारा तपकिरी धूर जातो तो कारागिराच्या छातीत. मुरादाबादेत जळक्या बोर्डांची राख रामगंगेच्या काठी धुतली जात आली आहे, तीही धातूच्या चार कणांसाठी. बेल्जियममधील होबोकेनच्या कारखान्यात अशाच मालातून सोन्याचांदीबरोबर पॅलेडियमही निघते. म्हणजे विद्या आहे. ती भांडवलाच्या घरी पाणी भरते इतकेच.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडून प्रमाणपत्रे घ्यावयाची असतात. सरकारने घरगुती उपकरणांसाठी किलोमागे किमान 22 रुपये ठरवताच काही बड्या कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालय गाठले. कारखानदाराला निदान भांडण्यापुरता किमान भाव तरी मिळाला! दारोदार फिरून भंगार आणणाऱ्याच्या श्रमाला या हिशेबात रकानाच नाही.

तरीही त्याच नियमांत एक दुर्लक्षित तरतूद आहे. या धंद्यातील कामगारांची नोंदणी करणे, त्यांचे गट उभारण्यास साह्य करणे आणि त्यांच्या सुरक्षिततेवर व आरोग्यावर दरवर्षी देखरेख ठेवणे ही राज्याच्या कामगार खात्याची जबाबदारी आहे. 2016 च्या नियमांतही ती होती. असंघटितांची संघटना होत नाही, ही सबब पुण्यात टिकलेली नाही. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक स्त्रियांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवून दिली. कामगारांच्या सहकारी संस्थेने उपकरणे केवळ सुटी करावीत, आम्लाला हात लावू नये आणि बोर्डांचा भाव वजनावर न घेता धातुपरीक्षेवर घ्यावा, हे अशक्य नाही. त्याआधी प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी कामगार कार्यालयात जाऊन, या तरतुदीखाली आजवर किती नावे नोंदली, याचे उत्तर लेखी मागून घ्यावे.