बरणीतला खारा पाहुणा

मासे पाळणारे पुष्कळ असतात. आज मी बोलणार आहे तो पाळीव प्राणी बोटाच्या पेराएवढाही नाही. इंग्रजीत त्याला ब्राइन श्रिम्प म्हणतात, शास्त्रीय नाव आर्टेमिया. आपण त्याला मिठागरातली कोळंबी म्हणू; मात्र खाण्याची कोळंबी ती ही नव्हे. ही जेमतेम सेंटिमीटरभर, उताणी पोहणारी आणि पायांच्या ११ जोड्या असलेली. पोहणे, श्वास घेणे, अन्न गाळणे, तिन्ही कामे हे पायच करतात. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही ती आढळल्याची नोंद आहे.

हिची अंडी म्हणजे तपकिरी धूळच! कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकतात. शोभेचे मासे विकणाऱ्याकडे ती मिळतात. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम जाडे मीठ विरघळवा, चिमूटभर अंडी टाका, बरणी उबदार, उजेडाच्या जागी ठेवा. एकदोन दिवसांत नारिंगी ठिपके हलू लागतील. खाणे म्हणजे पाण्यात कालवलेल्या यीस्टचे काही थेंब. पाणी गढुळले की थांबा, निवळले की पुन्हा द्या. जास्त घातलेले अन्न कुजते आणि पाण्यातला प्राणवायू संपवते.

आता माझी चूक सांगतो. महिनाभर वाढवलेली मंडळी मी मोठ्या टाकीत हलवली. टाकीत नळाचे ताजे पाणी, त्यात मापाने मीठ, आणि सगळ्यांना एकदम ओतले. सकाळी सारी तळाशी निपचित! मुलगी म्हणाली, "बाबा, पाणी तर खारंच होतं ना?" होते, पण सारखे खारे नव्हते. बरणीतले पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे उरते. महिनाभरात जुने पाणी कितीतरी जास्त खारट झाले होते. शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जायला मी वेळच दिला नव्हता.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाणी उडाले तर बरणीवर केलेल्या खुणेपर्यंत साधेच पाणी घाला, खारे नको. नळाचे असेल तर दिवसभर उघडे ठेवून मग घाला. आणि प्राणी हलवताना त्यांचे जुने पाणी सोबत घ्या. एका कोपऱ्याशी दिवा धरा. ते उजेडाकडे जमतील, मग वाटीने अलगद उचला. प्रवासात बाटली अर्धीच भरा, वर हवा राहू द्या. नव्या जागी तासाभरात थोडेथोडे नवे पाणी मिसळत जा.

शिक्षक मित्रांनो, वर्गात एक बरणी ठेवून पाहा. बाष्पीभवन, प्राणवायू आणि जीवाचे वातावरणाशी नाते, हे धडे त्या बरणीतच आहेत. मात्र उरलेले प्राणी खाडीत किंवा मिठागरात सोडू नका. बाजारातली अंडी बहुधा परदेशी जातीची असतात आणि ती जात इतर देशांत स्थानिक जातींना हुसकावून बसली आहे.

जीव छोटा असला तरी जबाबदारी छोटी नसते, एवढे त्या सकाळी मला कळले.