मुलांच्या चुका आणि आपली परिभाषा



इंग्रजी शिकवण्याच्या आपल्या विषयात परिभाषेला तोटा नाही. ईएसएल, ईएफएल, इनपुट, फ्लुअन्सी, ॲक्युरसी... प्रशिक्षणाहून आपण फाइलभर शब्द घेऊन येतो आणि सोमवारी वर्गात पुन्हा 'वाचा आणि अर्थ सांगा' सुरू होतं. शब्दांवर माझा राग नाही. पण वह्यांचा गठ्ठा पुढ्यात असताना ज्या संज्ञेमुळे माझा हात वेगळा चालतो, तीच मी कामाची मानतो. या कसोटीला फार थोड्या संज्ञा उतरतात. आज त्यांतल्या दोनच घेतो.

पहिली पिट कॉर्डर यांची. 1967 साली त्यांनी 'मिस्टेक' आणि 'एरर' यांत फरक केला. घाईत किंवा दमल्यामुळे होते ती मिस्टेक. बोट ठेवलं की मूल जीभ चावून स्वतःच दुरुस्त करतं. एररचं तसं नाही. मुलानं आपल्यापुरता जो नियम बसवलेला असतो, त्याप्रमाणे ते वाक्य बरोबरच असतं. मातृभाषाही नाही आणि पुरती इंग्रजीही नाही, अशा या मधल्या व्यवस्थेला 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी 'इंटरलँग्वेज' म्हटलं.

आता हे आपल्याच वह्यांत पाहा. 'रमेश सेड दॅट आय विल कम टुमारो.' येणार आहे रमेश, लिहिणारा नव्हे. आपण 'आय विल' खोडतो, वर 'ही वुड' लिहितो, आणि पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा हजर! कारण मुलाच्या मनात 'रमेश म्हणाला की मी उद्या येईन' हे वाक्य आहे, आणि मराठीत ते निर्दोष आहे. 'की'नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवायला मराठीची हरकत नसते. इंग्रजीत 'दॅट' आलं की 'मी'चा 'तो' करावा लागतो. 'आय लिव्ह हिअर फ्रॉम टू इयर्स' याचंही तेच. 'दोन वर्षांपासून राहतो' यातला वर्तमानकाळ मूल प्रामाणिकपणे इंग्रजीत नेतं.

पण 'ही कम्ड' लिहिणाऱ्या मुलाला मराठीनं फसवलेलं नाही. भूतकाळाला 'ईडी' लागतो हे त्याला उमगलंय आणि ते तो सगळीकडे लावून बघतोय. इंग्लंडमधली लहान मुलंही हेच करतात. मी तर अशा मुलाची पाठ थोपटेन. आपण मात्र तिन्ही वाक्यांवर एकाच लाल पेनानं एकसारखी काट मारतो. पहिल्या दोन वाक्यांसाठी फळ्यावर मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी मांडावी लागेल. तिसऱ्याला भरपूर वाचन द्यावं आणि थोडी वाट पाहावी.

फळ्यावर मराठी म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या इथून दिसतायत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत मुलं बोलत नव्हती, हा आक्षेप मला मान्य आहे. पण दोन भाषा कुठे वेगळ्या वळतात हे पाहायची नजर तिनं दिली. ती आपण उगाच टाकून दिली.

दुसरी संज्ञा 'टास्क'. हिच्यासाठी आपल्याला सातासमुद्रापार जायला नको. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत बंगळूर प्रकल्प चालवला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं आणि त्यांवरची कोडी दिली. लक्ष उत्तर काढण्याकडे, इंग्रजी त्या ओघात. मुलांना दिलेल्या माहितीवरून तर्क चालवायला लावणारी कामं प्रभूंना जास्त पसंत होती. मत विचारलं की बुजरं मूल गप्प बसतं, तर्काला निदान धरायला काठ असतो.

आपण एसटीचं वेळापत्रक इंग्रजीत लिहून द्यावं. साताऱ्याहून निघून अकराच्या आत स्वारगेटला पोचायचंय, वाटेत शिरवळला अर्धा तास काम आहे, तर कोणत्या गाड्या पकडाल? मुलं भांडतात, बोटं फिरवतात, 'नो सर, दॅट बस नॉट स्टॉप' म्हणतात. त्या क्षणी 'डझ' राहिला म्हणून मुलाला थांबवू नये. आपण बोलताना 'यस, इट डझ नॉट स्टॉप देअर' म्हणावं आणि काम पुढे न्यावं. प्रभूंच्या वर्गांत दुरुस्ती अशीच जाता जाता होई.

परीक्षेचं काय, हा प्रश्न येणारच. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेला आपण 'ॲक्टिव्हिटी शीट' म्हणू लागलो आणि बाजारात लगोलग तिची गाइडं आली. 'तुमचं मत लिहा' याचं तयार उत्तर पाठ करणारी मुलं आपण सर्वांनी पाहिली आहेत. नाव आधी आणि तयारी मागाहून, ही आपली जुनीच सवय. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हाही घाई विषय सुरू करण्याची जास्त होती, शिक्षक तयार करण्याची कमी.

दुपारच्या सत्रात निबंधवाचन आहे. वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे की आपल्या वर्गातल्या एखाद्या वहीचं पान, मुलाचं नाव झाकून, पडद्यावर दाखवा आणि त्यातली एरर कोणती, मिस्टेक कोणती, हे आधी श्रोत्यांना ठरवू द्या. त्यासाठी प्रत्येकाला पाच मिनिटं जादा देण्याचं संयोजकांनी मान्य केलं आहे.