फळीखालची मोटर

सुरत-धुळे महामार्गावरचं बारडोली म्हणजे १९२८ चा सत्याग्रह, वल्लभभाईंना मिळालेली ‘सरदार’ ही पदवी आणि आजूबाजूला ऊसच ऊस. शेतवाटांवर काळी माती: उन्हाळ्यात फुफाटा, पावसात चिखल. विजेवर पळणारा माउंटन बोर्ड, म्हणजे हवेच्या चार टायरांवरची फळी, घरी बनवून अशा वाटेवर उतरवला, तर आधी कुरकुरते ती मोटर.

दोष तिच्या रचनेत आहे. या बोर्डांना बहुधा ‘आउटरनर’ मोटर लावतात. तिच्यात तांब्याचं वाइंडिंग असलेला स्टेटर आत स्थिर असतो आणि आतून चुंबकं चिकटवलेला बाहेरचा डबा फिरतो. हा डबा बऱ्याचदा एकाच टोकाला धरलेला. चाक फिरवणारा पट्टा शाफ्ट ओढतो, खड्डा दणका देतो. शाफ्ट वाकला की चुंबक स्टेटरला घासलंच. म्हणून जाणकार मोकळ्या टोकाला जाड ॲल्युमिनियमची पट्टी लावून तिच्यात आणखी एक बेअरिंग बसवतात. सगळ्या डागडुजीत पैसे वसूल होतात ते इथेच.

चुंबकं सुटू नयेत म्हणून त्यांच्यामधल्या फटींत उष्णता सोसणारं इपॉक्सी भरतात, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांना थ्रेडलॉक लावतात. साधी निओडायमियम चुंबकं साधारण ८० अंश सेल्सियसपुढे जोर गमावू लागतात. मोटरवर हात ठेववेना, तर बोर्ड थांबवलेला बरा.

पाण्याचा पाइप मारून मोटर धुण्याचा मोह मात्र आवरावा! चुंबकाला चिकटलेले लोखंडी कण ब्रशने, चिकटपट्टीने निघतात. मग पट्टा काढून मोटर हाताने फिरवावी. खरखर ऐकू आली, तर तेलाचे थेंब सोडून वेळ मारून न नेता बेअरिंगच बदलावं.