भट्टीतून निसटलेले कण

मंडळी, सूर्य लाकडावर जळत नाही. त्याच्या पोटात हायड्रोजनचे कण जुळतात, त्यातून उष्णता निघते. आम्ही शाळेत हे शिकवले नाही; आम्हालाच ठाऊक नव्हते.

अशी भट्टी वीस वर्षांत ताब्यात येईल, असे मुंबईचे डॉ. होमी भाभा १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत बोलले. तिची वीज अजून कुणाच्या घरी आली नाही.

अडचण कुंपणाची. तापलेला वायू चुंबकाच्या जोराने कोंडतात. तरी काही वेगवान कण निसटून भिंतीवर आदळतात. भट्टीची ऊब जाते, भिंत पोळते.

हे चोर मोजायचे कसे? भिंतीशी बारीक फट ठेवतात, आत चकाकणाऱ्या लेपाची पाटी. कण आपटला की ठिपका उजळतो. आपण परभणीकडे ज्वारी उफणतो, तेव्हा जड दाणा जवळ पडतो, कोंडा लांब. इथे उलटे! जोरकस कण फटीपासून लांब पडतो.