बोटीवरचा पगार, घरातले कागद



मागच्या बैठकीला आमच्या बदलापूरच्या बचत गटातल्या एक वहिनी हप्ता भरायला आल्या त्या रडवेल्या होऊनच. नवरा बोटीवर खलाशी. दोन वर्षांपूर्वी एका एजंटाने "कापलेला टॅक्स परत मिळवून देतो" म्हणून सांगितलं, परताव्यातला वाटाही घेतला. आता नोटीस आली. विवरणपत्र उघडलं तर त्यात घरभाडं, राजकीय पक्षाला देणगी, असं काय काय लावलेलं. घर यांचं स्वतःचं, आणि देणगी म्हणाल तर गणपतीची वर्गणी तेवढी!

आपल्याला वाटतं, बूट, बॉयलरसूट, कोर्सची फी, सगळ्याच्या पावत्या लावल्या की टॅक्स कमी होतो. तसं नाही. पगारदाराला असे खर्च एकेक करून वजा करता येत नाहीत. त्याऐवजी ठोक वजावट मिळते. नव्या पद्धतीत ७५,००० रुपये, जुन्या पद्धतीत ५०,०००. त्याला एकही पावती लागत नाही. कंपनी पगारात गणवेश भत्ता वेगळा देत असेल तर खरोखर खर्च झाला तेवढा माफ होतो, पण फक्त जुन्या पद्धतीत. विमा, पीपीएफ, मुलांची शिकवणी फी, दीड लाखांपर्यंत, तेही जुन्यातच.

नव्या पद्धतीत एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला १२ लाखांपर्यंत कर नाही. ठोक वजावट धरली तर पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे टगवर किंवा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या बोटीवर साध्या पगाराच्या माणसाला खोटं लावायची गरजच नाही. कंपनीने कर कापला असेल तर खरं विवरणपत्र भरूनही तो परत मिळतो.

परदेशी बोटीवर असेल तर हिशोब दिवसांचा. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तो भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिला तर रहिवासी, मग तो पगार इथे करात येतो. १८१ किंवा कमी राहिला तर अनिवासी. अनिवासी खलाशाचा परदेशी बोटीवरचा, देशाबाहेरच्या कामाचा पगार इथल्या एनआरई खात्यात जमा झाला म्हणून त्यावर कर लागत नाही, हे २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे.

दिवस मोजताना "सहाएक महिने बाहेर होता" चालत नाही. आपल्या बंदरातून परदेशी निघालेल्या बोटीवर चढला असेल तर सीडीसीतल्या चढल्या-उतरल्याच्या तारखा धरतात. विमानाने जाऊन तिकडे चढला असेल तर पासपोर्टचे शिक्के. एका दिवसाने गणित उलटतं. एका ताईंनी विचारलं, "नवरा लवकर घरी येतो म्हणतोय आणि मी दिवस मोजत बसू?" हो, मोजा! मार्चात तर नक्कीच.

वहिनींनी सीएकडे बसून खोट्या वजावटी काढून टाकल्या. मिळालेला परतावा व्याजासकट भरावा लागला, त्यासाठी गटातूनच कर्ज घेतलं. मुद्दाम खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि नोटीस एजंटाच्या नावाने येत नाही. त्याचा तर फोनही आता लागत नाही.

अंबरनाथ, उल्हासनगरच्या गटांतही ज्यांचं कुणी बोटीवर आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला पासपोर्ट आणि सीडीसीची झेरॉक्स, फॉर्म १६ आणि पगाराच्या पावत्या घेऊन या. विवरणपत्राचा पासवर्ड कुणाकडे आहे तेही घरी विचारून या. आमच्या वहिनींचा एजंटाकडेच होता.