लावणीच्या दिवसांतील ताप

(कुणकेश्वर येथे सरपंच, शिक्षक व ग्रामसेवक यांच्यासमोर केलेले भाषण)



'लेप्टोस्पायरा' हे एका जंतुकुळाचे नाव आहे. मळसूत्रासारखे पीळदार असलेले हे सूक्ष्म जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात वास करतात. उंदराला त्यांचा विशेष उपद्रव होत नाही. मात्र त्याच्या मूत्रावाटे ते कुणग्यातील पाण्यात व चिखलात उतरतात. गुरे, कुत्री व डुकरे यांच्याकडूनही ते पसरतात. ओलाव्यात आठवडेच्या आठवडे तग धरून ते पायांच्या भेगांतून व जखमांतून माणसाच्या शरीरात शिरतात.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली. २०११ मध्ये आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यालाही तिची झळ बसली. महापूर नसतानाही येथे हा रोग होतो, कारण भातलावणीत आपला शेतकरी दिवसभर चिखलातच उभा असतो.

या रोगाचा खरा धोका त्याच्या सोंगात आहे. ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्यांत असह्य वेदना ही त्याची लक्षणे. परंतु दिवसभर वाकून तरवा लावणाऱ्याचे अंग दुखणारच, असे घरातील सारे म्हणतात. तापावर एखादी गोळी घेऊन तो पुन्हा शेतात उतरतो. तोवर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. पहिल्या दिवसांतच उपचार मिळाले, तर डॉक्सिसायक्लिन वा पेनिसिलिनसारख्या परिचित औषधांनी हा रोग बरा होतो. जीव वाचतो तो वेळेमुळे.

म्हणून प्रत्येकाने आपला वाटा उचलावा. शिक्षकांनी मुलांना विचारावे, "घरी कोणाला ताप आहे का?" पंचायतीने महाशिवरात्रीच्या यात्रेनंतरचा कचरा व मासळीची घाण साचू देऊ नये; उंदरांना अन्न मिळाले की त्यांची वीण वाढते. शेतकऱ्यांनी जखमा झाकाव्यात, शक्य तेथे गमबूट वापरावेत, घरी येताच हातपाय साबणाने धुवावेत. आरोग्य कर्मचारी प्रतिबंधक गोळ्या देतील, तर त्या त्यांच्या सल्ल्यानुसारच घ्याव्यात.

लावणी एक दिवस लांबली, तर शेजारी हात लावतील. तापाच्या माणसाला मात्र त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवा, एवढीच माझी आपणास विनंती आहे.